बैलांचं दार

आमच्या शिवारातली माती काळी आहे आणि आमच्या घरातली फरशी पांढरी. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला प्राणाहून प्रिय आहेत. तो माणूस म्हणजे माझे सासरे. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमचं गाव रनाळ्याच्या अलीकडे. इथली माती कापसाला मानवते, मिरचीला तर विशेषच मानवते, फक्त माणसाच्या पायाला मानवत नाही. पावसाळ्यात शेतातून घरी येताना चपलेला माती लागत जाते, चप्पल जड होते, मग चप्पल काढून हातात घ्यावी तर मातीचीच दुसरी चप्पल पायाला तयार होते. ती वाळली की पापुद्र्यासारखी निघते आणि ओली असली की निघतच नाही. उन्हाळ्यात हीच माती पीठ होऊन उडते. म्हणजे बारा महिने काही ना काही घेऊनच माणूस घरात शिरतो.

जुनं धाब्याचं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं तेव्हा फरशी निवडायला सासरे स्वतः नंदुरबारला आले. दुकानदाराने साध्या, मळखाऊ रंगाच्या फरश्या आधी दाखवल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्याने आतून एक पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी आणली आणि उजेडात धरली. सासऱ्यांना तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं, फेटा दिसला, आणि सौदा पक्का झाला. माझे यजमान हळूच म्हणाले की बाबा, ही मळेल. त्यावर घर काय दरसाल बांधायचं असतं का, असं उत्तर मिळालं. यजमान गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

वास्तुशांतीला पाहुणे आले, फरशीचं कौतुक झालं, सासरे एकेक डाग बोटाने दाखवून पोरांकडून पुसून घेत फिरत होते. आणि मग पावसाळा आला. एका दुपारी ते शेतातून आले, उंबऱ्याशी थांबले, आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं, आणि मागे वळून ओट्यावर जाऊन बसले. सासूबाईंनी आत बोलावलं तर म्हणाले, "माले आठेच बरं शे." आठे म्हणजे आमच्या बोलीत इथे.

आमच्याकडे ओटा म्हणजे घरापुढचा बसायचा कट्टा. तिथे माणसं गप्पा मारतात, पेपर वाचतात, लग्नं जुळवतात आणि मोडतातही. पण घरधनी तिथे जेवत नाही. ओट्यावर जेवतो तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर ठेवलेला गडी. त्याचं ताट बाहेर येतं, तो बाहेरच जेवतो, अशी जुनी रीत. ती रीत चांगली की वाईट हा वाद मी वेगळा घालीन, पण तिचा अर्थ गावात लहान पोरालाही ठाऊक आहे.

त्या दुपारनंतर सासरे ओट्यावरचेच झाले. सकाळी अंघोळ करून देवापुढे हात जोडायला आत येत, तेवढेच. एकदा शेतावर जाऊन आले की चहा ओट्यावर, जेवण ओट्यावर, झोपही ओट्यावरच्या खाटेवर. थंडीत खाट तेवढी दाराच्या आत सरकायची. सासूबाई ताट घेऊन बाहेर जायच्या, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायच्या, भाकरी हवी का विचारायला पुन्हा बाहेर जायच्या. ते जेवून उठले की मग आत येऊन एकट्या चुलीच्या कोपऱ्यात, म्हणजे आता गॅसच्या कोपऱ्यात, घाईघाईने चार घास खायच्या. जेवणाचं टेबल मध्ये रिकामं पडलेलं असायचं. त्यावर आम्ही कांदे पसरायचो.

मला हे कळेचना. ओट्याच्या पायऱ्यांशी नळ होता. पाय धुवावेत आणि आत यावं, यात अवघड ते काय? मी उंबऱ्याशी गोणपाट टाकून पाहिलं, पायपुसणी आणली, एकदा तर बादली भरून घेऊन गेले आणि म्हटलं, बाबा, मी पाणी घालते, तुम्ही नुसते पाय पुढे करा. त्यांनी पाय धोतरात ओढून घेतले आणि मान दुसरीकडे वळवली. सुनेने पायांवर पाणी घालणं त्यांना अवघड वाटलं असेल, असं मी धरून चालले. फरशीचं वेड आहे झालं, असं यजमान म्हणाले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी आमच्याकडे माणसापेक्षा फरशी जड झाली होती.

मग एक दिवस सासऱ्यांचा लांबचा चुलतभाऊ गल्लीतून चालला होता. सासरे मांडीवर ताट घेऊन जेवत होते. तो थांबला आणि हसत म्हणाला, "काय दादा, सालदार व्हयनात का?"

सासरे त्याच्याहून मोठ्याने हसले. पण सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात गरम भाकरी घेऊन. त्या हसल्या नाहीत. भाकरी त्यांच्या ताटात ठेवून त्या आत आल्या, भिंतीकडे तोंड करून भांडी घासू लागल्या, आणि घासून झालेलं भांडं पुन्हा घासू लागल्या. मी नंदुरबारला एका कार्यालयात नोकरी करते. तिथे लोक माझ्या रागाला वचकून असतात. त्या दिवशी तो राग मी पहिल्यांदा घरासाठी वापरायचा ठरवला. सासऱ्यांना आत आणून टेबलाशी जेवायला बसवायचं, बास, दुसरं काही नको.

युक्ती मोबाइलवर सापडली. कुठल्या तरी थंड देशातली बाई दाखवत होती की घरात शिरण्याआधी एक छोटी खोली, तिथे बूट काढायचे, कोट अडकवायचे, चिखल तिथेच सोडायचा आणि मग स्वच्छ होऊन घरात जायचं. मी उठून उभीच राहिले. असली खोली बर्फातल्या लोकांना लागते आणि आम्हाला नको? आम्हाला तर आधी हवी. आणि जागा तर आमच्याकडे केव्हाची पडून होती.

घराच्या शेताकडच्या बाजूला एक बोळ आहे. वर छत, दोन्ही बाजूंना भिंत, एका टोकाला बाहेरच्या गाडीवाटेवर उघडणारं भलंमोठं दार आणि दुसऱ्या टोकाला मागचं अंगण. मधोमध स्वयंपाकघराचं दार. आमच्याकडे बैल होते तेव्हा ते या दाराने आत येऊन मागच्या गोठ्यात जायचे. म्हणून दार शिंगांच्या मापाचं आणि म्हणून त्याचं नाव बैलांचं दार. नवं घर बांधतानाही बोळ तसाच ठेवला होता. मग ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी विकली गेली, दाराला कडी लागली आणि बोळात अडगळ साचत गेली.

मी उत्साहाने रात्रीच्या जेवणाआधीच सगळ्यांना जाहीर केलं की आपण इथे मडरूम करणार. यजमानांनी बघू म्हटलं. सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मडानी खोली?" त्या म्हणाल्या. "घरमा? शुभ बोल वं."

मडं म्हणजे प्रेत. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी समजावू लागले की मड म्हणजे इंग्रजीत चिखल, तर त्या म्हणाल्या इंग्रजीत काही का असेना, यमाला कुठे इंग्रजी येतं? दुसऱ्या दिवशी शेजारणीला कळलं, तिसऱ्या घरी कळलं, आणि सुनबाई सासऱ्यासाठी आतापासूनच खोली बांधते आहे अशी बातमी माझ्या आधी पिठाच्या गिरणीवर पोहोचली. त्यात ते दार दक्षिणेचं. एक वयस्कर गृहस्थ मुद्दाम येऊन सांगून गेले की दक्षिणेचं दार उघडू नये, घराला बाधतं. मी त्यांना विचारलं की बैल इतकी वर्षं त्याच दाराने आले, त्यांना कधी बाधलं नाही, ते कसं? ते म्हणाले, तू फार बोलतेस. तेही खरंच आहे.

मग मी इंग्रजी शब्द टाकून दिला आणि नुसतं बैलांचं दार उघडायचं आहे असं म्हणू लागले. त्याला कोणाची हरकत नव्हती.

अडगळ काढायला आम्ही नवराबायको बसलो तेव्हा त्या बोळात काय काय निघालं म्हणून सांगू. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, गळके फवारणीचे पंप, खताच्या रिकाम्या गोण्या, एक चाक नसलेली सायकल, कोणाच्या तरी लग्नातली कमान. यजमान प्रत्येक वस्तू उचलून कामी येईल म्हणायचे आणि मी ती हातातून काढून बाहेर टाकायची. नळ्यांच्या वेटोळ्यातून विंचू निघाला तेव्हा मात्र तो कामी येईल असं कोणी म्हणालं नाही. तळाशी बैलांचं सामान होतं. जू, कासरे, पोळ्याच्या झुली, घुंगरमाळा. ते बाहेर आलं तसे सासरे ओट्यावरून उठून आले. त्यांनी झूल झटकली, उन्हात नेऊन पसरली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. बोळाकडे नजरही टाकली नाही.

भिंतीत जुन्या लाकडी खुंट्या होत्या, त्यांना तेल पाजलं आणि त्या अशा चमकल्या की मला नव्या घ्याव्याच लागल्या नाहीत. भिंतीचा खालचा अर्धा भाग गडद तपकिरी रंगवला, म्हणजे चिखल उडाला तरी दिसू नये. वरचा भाग हळदीसारखा पिवळा. गाडीवाटेच्या बाजूला जाळीची खिडकी फोडली, वारा खेळायला लागला. कोनाड्यात सासूबाईंनी आरसा आणि कंगवा ठेवला. शेतातून आलेल्या माणसाने आत येण्याआधी आपलं तोंड तरी पाहावं, असं त्यांचं म्हणणं. त्या आता कामात रस घेऊ लागल्या होत्या. विचारलं तर मान्य करायच्या नाहीत.

फरशीसाठी मी पुन्हा त्याच दुकानात गेले. दुकान मारवाडी शेठजींचं, राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं, पण स्वतः नंदुरबारात जन्मलेले, गिऱ्हाईक पाहून भाषा बदलणारे. मी खरबरीत फरशी मागितली, पाय अजिबात घसरणार नाही अशी. ते म्हणाले, म्हणजे पार्किंगची. कोणती गाडी घेतलीत, भाभी? मी म्हटलं, गाडी नाही, सासरे आहेत. शेठजी इतके हसले की त्यांनी चहा मागवला. पण फरशी उत्तम दिली. विटकरी रंगाची, खडबडीत, वर पाणी पडलं तर पाय आणखीच घट्ट धरणारी.

आता मिस्तरी. मिस्तरी आमच्याच गावचा, हात चांगला, तोंडही चांगलं. मी त्याला सकाळी सगळं सांगितलं. फरशीचा ढाळ बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जाईल. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीलगत एक ओटा, वर काळा कडप्पा. ओट्याजवळ नळ. एवढं सांगून मी कामाला निघून गेले. ओटा कसा असतो हे खानदेशातल्या माणसाला काय सांगायचं? बसता येईल, पाय खाली सोडता येतील, चप्पल काढता येईल. माझ्या सासऱ्यांनी टेकावं म्हणून तर सगळा खटाटोप.

संध्याकाळी परत आले आणि बोळात पाय ठेवला तर समोर माझ्या कमरेएवढा ओटा उभा. वर कडप्पा झकास बसवलेला, कडा गोल केलेल्या, आणि नळसुद्धा त्याच उंचीवर, ओट्याच्या टोकाशी. गॅस ठेवला असता तर स्वयंपाक सुरू करता आला असता.

मी मिस्तरीला विचारलं की हे काय. तो बिचारा स्वतःच्या कामाकडे कौतुकाने पाहत होता. "ताई, ओटा म्हंजे ओटाच ना?" तो म्हणाला. "आते समदा घरसमा असाच ओटा ऱ्हास."

त्याचंही चुकलं नव्हतं. गावात इतकी स्लॅबची घरं झाली, प्रत्येक घरात त्याने स्वयंपाकाचे ओटे बांधले, आणि बांधून बांधून त्याच्या डोक्यातला दारातला ओटा केव्हाच पुसून गेला होता. त्यातून मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी सांगितलेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी खूप बोलले, तो खूप ऐकून घेत राहिला, शेवटी येऊन फोडून देईन म्हणाला. पण पेरणी तोंडावर आली, मग त्याला दुसऱ्या गावाला काम लागलं, आणि सिमेंट तर ऐकायला थांबत नाही. ओटा राहिला.

मग जे आहे त्यातच मी मांडामांड केली. ओट्याखाली फळ्या टाकून गमबूट, चपला आणि पंप बसवले. नळाला रबरी नळी लावली, म्हणजे पाणी पायापर्यंत यावं. खुंट्यांवर रेनकोट आणि जुने पंचे, पाय पुसायला. बैलांच्या दाराला हिरवा रंग दिला. सगळं झाल्यावर मी दारात उभी राहून पाहिलं तर मलाच भरून आलं. तो ओटा सोडला तर अडगळीचा बोळ असा साजरा झाला होता की शेजारणी बघायला आल्या, आणि त्यांच्यात मडाच्या खोलीची बातमी पसरवणारीही होती. तिने आपल्या घरी असंच करायचं म्हणून मापं घेतली.

आता फक्त ज्याच्यासाठी केलं तो माणूस यायचा राहिला होता. मी पुढच्या ओट्यावर गेले, त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, बाबा, उद्यापासून शेतातून आलात की त्या दाराने या. तिथे पाय धुवा आणि थेट टेबलाशी बसा. फरशीला डाग लागणार नाही, माझी हमी.

त्यांनी गल्लीकडे तोंड वळवलं. मग शांतपणे म्हणाले, "बैलनं दार शे ते. मी काय बैल शे?"

मी उठून आत आले. हा विचार मला सुचायलाच हवा होता. घरधन्याने पुढच्या दाराने यावं, मान तिथे असतो, आणि मी त्यांना गुरांच्या वाटेने बोलावत होते. ओट्यावर जेवतो म्हणून सालदार म्हणाले, आता बैल म्हणतील. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या की बांधलंय तर वापर, पडीक ठेवू नको. तेवढंच.

मी हट्टी आहे. बैल तर बैल, आम्ही सगळेच बैल होऊ असं मी ठरवलं. पुढच्या दाराला आतून कडी घातली, ती सासऱ्यांच्या सकाळच्या अंघोळीला आणि ताटालाच निघेल असं ठरवलं आणि जाहीर केलं की या घरातलं प्रत्येक माणूस बाहेरून आलं की हिरव्या दाराने येईल. मी कार्यालयातून येते ती साडी सावरत त्या दाराने. यजमान शेतातून, सासूबाई देवळातून, त्याच दाराने. माझे वडील धुळ्याहून आले, त्यांनाही मी गाडीवाटेने वळसा घालून आणलं. त्यांनी नळीने पाय धुतले, खुंटीवरचा पंचा घेतला आणि आपल्या घरीसुद्धा असं का नाही म्हणून आईला फोन लावला. सासरे ओट्यावरून हे सगळं पाहत होते. पाहुण्याला बैलांच्या दाराने नेलं म्हणून ते माझ्यावर दोन दिवस रुसले. पण आले नाहीत. ताट बाहेर जातच राहिलं.

पोळा जवळ आला होता. पाऊस झिमझिम लागलेला, थांबायचं नाव नाही, शेतात घोट्याइतका चिखल. रविवार होता म्हणून मी घरी होते. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. सासूबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होत्या, मी मिक्सरवर ओल्या मिरचीचा ठेचा फिरवत होते, यजमान भरताची वांगी सोलत होते, म्हणजे सोलता सोलता खात होते. सासरे शेतात जाऊन डोक्यावर पाटी घेऊन आले. पाटीत घरापुरत्या वालाच्या शेंगा, मिरच्या, वांगी. वजनाची पाटी डोक्यावरून उतरवायला दुसरा माणूस लागतो. त्यांनी नेहमीसारखी पुढून हाक मारली असणार. पण मिक्सरच्या आवाजात ती आम्हाला ऐकूच आली नाही, आणि पुढच्या दाराला तर कडी.

मिक्सर बंद केला तेव्हा मला बोळात पावलं ऐकू आली. मी दारातून डोकावले. सासरे उघड्या हिरव्या दारातून आत आले होते, मान ताठ, दोन्ही हात पाटीला. यजमान पाटी उतरवायला उठले. मी त्यांचा सदरा मागून धरला. का धरला ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर ओटा होता, कमरेएवढा. त्यांनी नुसती मान आणि हात किंचित पुढे केले आणि पाटी कडप्प्यावर टेकली. वाकावं लागलं नाही, कोणाला बोलवावं लागलं नाही. ते थोडा वेळ पाटीला धरून श्वास घेत उभे राहिले. मग उजवा तळवा कडप्प्यावर नीट रोवला, डाव्या हाताने नळ सोडला, रबरी नळी हातात घेतली आणि उभ्या उभ्याच पायांवर पाणी सोडलं. एका पायाने दुसरा पाय घासला. तळव्यावर भार देऊन पाय आलटूनपालटून उचलले. काळी माती ढेकळाढेकळाने सुटून ढाळावरून बाहेर जात होती. घाई नव्हती. बोटांच्या मधली मातीसुद्धा त्यांनी पाण्याच्या धारेने काढली. ओट्याचा आधार हाताशी होता म्हणून हे जमत होतं. मिस्तरीने माझ्या मनासारखा बुटका ओटा बांधला असता तर त्यावर बसून पायांपर्यंत हात न्यायला त्यांना वाकावंच लागलं असतं आणि मग आम्हाला धावावं लागलं असतं.

माझ्या पाठीमागे सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. "त्यासले वाकता येत नही," त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते फक्त मला ऐकू यावं. "कोनले सांगतीन?"

तेव्हा मला पुढच्या पायऱ्यांशी असलेला तो बुटका नळ आठवला. तिथे पाय धुवायचे तर उकिडवं बसायला हवं, आणि एकदा बसलं की उठायला कोणाचा तरी हात हवा, भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. जन्मभर दोन बैलांना कासऱ्यावर वळवणारा माणूस सुनेच्या बादलीपुढे पाय कसे करील? फरशी पुढे केली की गुडघ्यांची गोष्ट मागे राहत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला असा आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. यजमानांचा सदरा मात्र अजून घट्ट धरला. त्याची शिवण उसवली हे नंतर कळलं.

सासऱ्यांनी नळ बंद केला, खुंटीवरचा पंचा घेऊन खाली टाकला, त्यावर एक पाय पुसला, दुसरा पुसला. कोनाड्यातल्या आरशात पाहून टोपी सारखी केली. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आम्ही तिघं एकदम कामात असल्यासारखे झालो. यजमान सोललेलं वांगंच सोलू लागले. सासूबाईंनी सवयीने ताट वाढायला घेतलं, भाकरी ठेवली, ठेचा ठेवला, आणि ते बाहेर न्यायला उचललं.

"आठेच वाढ," सासरे म्हणाले.

त्यांनी पांढऱ्या फरशीवर पाय ठेवला. मग दुसरा. टेबलावर अजून कांदे पसरलेले होते. मी ते पदरात गोळा केले आणि त्यांनी खुर्ची ओढली. सासूबाईंनी ताट समोर ठेवलं. ठेवताना भरताची वाटी थोडी कलंडली, ती त्यांनी बोटाने सरळ केली. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात टाकला आणि तिखट झाला आहे असं मला ऐकवलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मान न उचलता शेजारची खुर्ची हाताने मागे सरकवली.

"तू बी बठ."

सासूबाई उभ्याच राहिल्या. मी त्यांच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि तव्यापाशी जाऊन उभी राहिले. तेव्हा कुठे त्या बसल्या. मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. दोघं शेजारी शेजारी जेवत होते आणि बोलत होते ते फक्त वालाच्या शेंगांबद्दल, यंदा कीड कमी आहे म्हणून.

एवढ्यात पुढून हाक आली. तोच चुलतभाऊ, पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन गल्लीत उभा. रिकामा ओटा पाहून तो चकित झाला असावा. "दादा कोठे शेतस?" त्याने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं, घास गिळला, आणि ज्या बाईचा आवाज मी कधी या घराच्या भिंतीबाहेर गेलेला ऐकला नव्हता, तिने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "घरमा शेतस. जेवी ऱ्हायनात."